खालचा ठिपका

अनुपमा घाडीगावकर नवी कुपी हातात घेतली की आधी ती रिकामी तोलत असे. करंगळीएवढी काचेची कुपी; तिच्या अंगावर ती रिकामेपणीचे वजन लिही, मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत, आणि मगच तिच्यात पदार्थ भरी. एकोणीस वर्षांत या शिस्तीला अपवाद झाला नव्हता. साकीनाक्याच्या एका औद्योगिक वसाहतीत, खाली पत्रा कापण्याचे आणि बेअरिंगचे गाळे आणि त्यांच्यावर तीन मजले प्रयोगशाळा, अशी ती इमारत होती. औषध कंपन्यांना नवे रेणू बनवून देणे हा तिथला व्यवसाय. अनुपमेने तिथे अकराशे चाळीस रेणू बनवले होते. हा आकडा तिला पाठ होता, कारण प्रत्येक नव्या रेणूच्या नोंदणीपत्रकावर दोन रकाने असत, ‘कल्पना कोणाची’ आणि ‘बनवले कोणी’, आणि अकराशे चाळीस वेळा तिचे नाव दुसऱ्या रकान्यात पडले होते.

पहिल्या रकान्यात गेली तीन वर्षे बहुधा एकच नाव असे. प्रांजल केळुसकर.

ही प्रांजल बोरिवलीची. बारा वर्षांपूर्वी, एम.एस्सी.चा निकालही लागला नव्हता तेव्हा, ती प्रशिक्षणार्थी म्हणून अनुपमेच्या हाताखाली आली, आणि तिला ठिपका लावता येत नव्हता. ठिपका म्हणजे या कामातली रोजची परीक्षा. पांढऱ्या लेपाच्या पट्टीवर द्रावणाचा सुईच्या टोकाएवढा थेंब द्यायचा, पट्टीचे टोक द्रावकात बुडवायचे. द्रावक पट्टीवर चढत जातो आणि मिश्रणातला एकेक पदार्थ आपापल्या ठरलेल्या उंचीवर मागे राहतो. अतिनील दिव्याखाली त्याचा काळसर ठिपका दिसतो. ठिपका एकच असला तर माल शुद्ध. दोन असले तर काम अजून बाकी. प्रांजलचे ठिपके भज्याएवढे पसरायचे.

“अगं, पट्टीवर मेंदी काढतेस का?” अनुपमा तिला म्हणायची, आणि तिचे मनगट धरून, नळीचे टोक पट्टीला नुसते टेकवून लगेच उचलायचे कसे, ते दाखवायची. रिकामी कुपी आधी तोलायची हेही तिनेच शिकवले. मुलगी हुशार होती. दीड वर्षाने ती पीएच.डी.साठी जर्मनीला गेली, आणि तिथून परतली ती गटप्रमुख होऊन. आता ती काचेच्या भिंतीपलीकडे दोन पडद्यांसमोर बसे आणि विषाणूच्या प्रथिनात कोणता रेणू कसा बसेल याची चित्रे रचत असे. भिंतीच्या अलीकडे अनुपमा ते रेणू बनवत असे.

मत्सर हा शब्द अनुपमेने स्वतःपुरता कधी वापरला नाही. ती त्याला ‘डोक्याला ताप’ म्हणे. पण ताप कशाने चढतो हे तिला नेमके ठाऊक होते. प्रांजलची नखे रंगवलेली असत आणि रंग आठवडाभर टिके; अनुपमेच्या बोटांची कातडी ॲसिटोनने चिरलेली होती. परदेशातले ग्राहक बैठकीत ‘प्रांजलला काय वाटते’ असे विचारत. आणि प्रांजल चुकली तर मोकळेपणी हसत असे, हे सर्वांत वाईट. अनुपमेला चुकणे परवडले नव्हते कधी. चुका न करणे हीच तिची सगळी मिळकत होती. तिने चारचौघांत ‘प्रांजल मॅडम’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा प्रांजल कळवळून म्हणाली होती, “ताई, मॅडम काय? कान धरा माझा.” आणि वर पाहुण्यांना सांगितले होते, “आमच्या ताईंचे हात म्हणजे सोनं आहे.” अनुपमा त्या दिवशी घाटकोपरला भटवाडीतल्या घरी परतेपर्यंत स्वतःच्या हातांकडे पाहत राहिली. हात. मनगटाच्या वर काही आहे हे कुणाच्या ध्यानात येत नव्हते.

तिला हवे होते ते एवढेच: एखाद्या पेटंटवर, शोधकांच्या यादीत, आपले नाव. सेवानिवृत्तीला बारा वर्षे होती. हाताखालून गेलेल्या रेणूंपैकी चौदांचे पेटंट झाले होते, आणि चौदांवरही ती नव्हती.

त्या वर्षी काम होते श्वसनविकाराच्या एका विषाणूवरचे. हा विषाणू पेशीत शिरला की आपली प्रथिने एकाच लांब साखळीत तयार करून घेतो आणि मग स्वतःच्याच कात्रीने ती साखळी ठरल्या जागी कापतो. कात्री हेही एक प्रथिनच. तिला एक खाच असते. त्या खाचेत घट्ट बसणारा रेणू मिळाला तर कात्री चालत नाही आणि विषाणूची वाढ थांबते. सांगायला सोपे. पहिला रेणू खाचेत कसाबसा टेकत होता. त्याला एका बाजूने शेपूट जोडले, तेव्हा तो चांगला बसू लागला, पण यकृतातल्या विकरांपुढे, म्हणजे एन्झाइमांपुढे, ठेवला की दहा मिनिटांत फस्त. विकरे नेमका कोणता कार्बन पकडतात ते शोधून तिथे फ्लोरीन बसवला. रेणू यकृतात टिकला, पण पेशीचा पडदा ओलांडेना. पडदा ओलांडावा म्हणून त्याची पाण्याशी जवळीक कमी केली, तर तो पाण्यात विरघळेना. आठवड्याला पाच-सहा नवे रेणू बनत, चाचणीला जात, आकडे येत, आणि मंगळवारच्या बैठकीत पुढच्या आठवड्याची चित्रे फळ्यावर चढत. एकाच रेणूत चार गुण एकत्र आणायचे, आणि चौघांचे एकमेकांशी पटत नाही, असा तो संसार होता.

शंभराव्या रेणूनंतर प्रांजलने ठरवले की रेणूचा लवचीक भाग वाकवून त्याचे कडे करायचे. सुटी दोरी खाचेत शिरताना चुरगळते. कडे जसेच्या तसे बसते. त्या कड्याला मेथिलचा एक छोटा गट होता, कपाला कान असावा तसा. तो कड्याच्या बाहेर वळलेला असू शकत होता किंवा आत. प्रांजलने पडद्यावर बाहेरचा दाखवला. तो खाचेत देखणा बसला होता.

“आणि आत वळवला तर?” अनुपमेने विचारले.

“नाही बसणार, ताई. भिंत लागते.”

“बनवून बघितल्याशिवाय कसं कळतं?”

प्रांजलने रेणू फिरवला. मेथिल आणि प्रथिनाची भिंत जिथे भिडत होती तिथे पडद्यावर लाल खुणा उमटल्या. “हे बघा. अख्खं लालेलाल.” ती हसली, तिच्याबरोबर आठ माणसे हसली. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता, आणि म्हणूनच त्यावर रागवायची सोय नव्हती.

चहाच्या वेळी भीमराज आला. रेणूच्या आतली मांडणी दाखवणारे एनएमआर नावाचे यंत्र त्याच्या ताब्यात होते. तोही घाटकोपरचा, आणि अनुपमेच्याच वर्षी कामाला लागलेला. त्यामुळे त्याच्या जिभेला तिच्यापुढे लगाम नसे.

“काय गं, मीटिंगमध्ये तुझी वाट लागली म्हणे?”

“तू तुझं मशीन सांभाळ रे.”

“सांभाळतोय. पण खरं सांग ना, आतला बसेल असं वाटतं तुला? की तिला नुसतं टोचायचं होतं?”

“दोन्ही,” अनुपमा म्हणाली.

ते खोटे होते. बैठकीत तिने तोंड उघडले तेव्हा टोचणे एवढेच मनात होते. पण मेजाशी परतल्यावर तिला दोन आठवड्यांपूर्वीची एक गोष्ट आठवली. या कड्याचा अर्धवट तुकडा तिने अजमावून पाहिला होता, तेव्हा आत वळलेला पदार्थ फ्लास्कमध्ये पाहता पाहता स्फटिक धरून बसला होता, आणि बाहेर वळलेला तेलासारखा लोळतच राहिला होता. तिने नोंदवही उघडली, तारीख घातली, आतल्या वळणाची आकृती काढली आणि खाली लिहिले: ‘हा चटकन स्फटिक धरतो, म्हणजे अधिक ताठ असावा. ताठ रेणूला खाचेत शिरताना स्वतःला आवरून घ्यावे लागणार नाही. बनवून पाहावा.’

प्रयोगशाळेची रीत अशी होती की नोंदवहीच्या प्रत्येक पानावर दुसऱ्या कुणीतरी ‘वाचले व समजले’ या शब्दांखाली सही करायची. उद्या पेटंटचा वाद झाला तर कोणती गोष्ट कोणत्या दिवशी कागदावर आली होती याचा तो पुरावा. शुक्रवारी संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा प्रांजलपुढे जाई. ती फोनवर बोलत पाने उलटी आणि सह्या करी. तशीच तिने या पानावरही केली.

बाहेरच्या वळणाचा रेणू, क्रमांक एकशे बारा, अनुपमेने सहा पायऱ्यांत बनवला. शेवटच्या पायरीनंतर पट्टीवर दोन ठिपके आले, एकमेकांना जवळजवळ चिकटलेले. वरचा मोठा, तो बाहेरच्या वळणाचा, हवा असलेला. खालचा लहान, तो आतल्या वळणाचा. प्रांजलची सूचना स्पष्ट होती: खालचा टाकून द्यावा. अनुपमेने दोन दिवस घालवून ते वेगळे केले आणि खालचा टाकला नाही. का, हे तिने स्वतःलाही विचारले नाही. दोन्हींची पांढरी भुकटी झाली; दोन्ही दोन सारख्या कुप्यांत, ओलावा न लागू देणाऱ्या बंद काचपात्रात, शेजारी शेजारी गेल्या. वरच्याचे एकतीस मिलिग्रॅम, खालच्याचे बारा. भीमराजने यंत्रावर वरचा तपासला आणि बरोबर असल्याचे लिहून दिले.

नमुना चाचणीला पाठवायच्या दिवशी प्रयोगशाळेत केक कापला गेला. प्रांजलला स्वित्झर्लंडच्या एका परिषदेत व्याख्यानाचे निमंत्रण आले होते. तिने पहिला तुकडा सगळ्यांदेखत अनुपमेच्या तोंडात घातला. “ठिपका लावायला मला यांनी शिकवलं.” टाळ्या झाल्या. अनुपमा मेजाशी आली तेव्हा तो घास अजून गालात होता, गिळवत नव्हता. तिने काचपात्र उघडले, कुपी काढली, पाच मिलिग्रॅम तोलले, चिठ्ठी लावली आणि नमुना पाठवला. डोळ्यांपुढे मात्र स्वित्झर्लंड होते.

नऊ दिवसांनी आकडे आले. आजवरच्या सर्वोत्तम रेणूच्या पन्नासाव्या भागाइतकी मात्रा विषाणूला रोखायला पुरत होती. यकृतातला टिकाव दोन तासांहून अधिक. पेशीत प्रवेश उत्तम. पाचही मिलिग्रॅम चाचण्यांत खर्ची पडले होते. प्रयोगशाळेचे प्रमुख देवव्रत सर स्वतः खाली उतरून आले आणि त्यांनी प्रांजलचा हात हातात घेऊन हलवला. मग अनुपमेकडे वळून म्हणाले, “छान केलंत. स्वच्छ माल.”

पेटंटच्या मसुद्यात शोधक म्हणून दोन नावे होती, प्रांजलचे आणि सरांचे. अनुपमा सरांच्या खोलीत गेली. आयुष्यात प्रथमच तिने तो विषय काढला.

“कायदा असा आहे, अनुपमा,” सर सौम्यपणे म्हणाले, “की रचना ज्याला सुचली तो शोधक. सांगितलेली गोष्ट कितीही कौशल्यानं बनवली तरी बनवणारा शोधक ठरत नाही. हा कायदा मी केलेला नाही.”

“आणि तुमचं नाव, सर?”

“फ्लोरीन मी सुचवला होता.”

ते खरे होते. अनुपमा बाहेर आली.

त्याच आठवड्यात उपनगराच्या एका पुरवणीत ‘विषाणूंशी झुंजणारी बोरिवलीची कन्या’ असा प्रांजलचा फोटो आला. अनुपमेचे वडील जयवंत, एकेकाळचे गिरणीतले विणकर, रोज पेपर शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. त्यांनी चष्मा वर केला.

“ही तुमच्याकडचीच मां गो? औषद हिणां केल्यान?”

“बनवलं मी, बाबा.”

“मगे तुझां नाव खंय असा?”

तिने त्यांच्यापुढची ताटली उचलली आणि आत नेली.

दोन महिन्यांनी एकशे बाराची मोठी खेप लागली. ती कंपनीच्या गोरेगावच्या जागेत नितेश नावाच्या रसायनज्ञाने अनुपमेच्या नोंदवहीबरहुकूम बनवली. भीमराजच्या यंत्रावर ती पहिल्या नोंदीशी तंतोतंत जुळली. चाचणीत मात्र ती जवळजवळ निकामी निघाली. तोच रेणू, तीच आकृती, आणि ताकद साठ पटींनी कमी. चाचणी पुन्हा केली, तेच. ग्राहकांची बैठक त्या शुक्रवारी होती.

सोमवारी सकाळी प्रांजल काचेपलीकडून धावतच आली. “ताई, पहिल्या खेपेतलं उरलंय ना तुमच्याकडे? तेच पाठवू या. म्हणजे कळेल, नितेशचं बिघडलंय की चाचणीचं.”

अनुपमेने काचपात्र उघडले, वरच्या ठिपक्याची कुपी काढली आणि सवयीने तराजूवर ठेवली. काचेवर रिकामीचे वजन लिहिलेलेच होते. वजाबाकी तिने मनात केली. एकतीस मिलिग्रॅम.

एकतीसच होते तिच्यात पहिल्या दिवशी. म्हणजे या कुपीतून काहीच काढले गेलेले नव्हते.

तिने दुसरी कुपी ठेवली. बारा होते, आता सात.

ती स्टुलावर बसली. केकचा तो घास तिला पुन्हा गालात जाणवला. चाचणीला गेला होता तो खालचा ठिपका. ज्या आकड्यांवर टाळ्या पडल्या ते आतल्या वळणाचे आकडे होते. पडद्यावर लालेलाल होणाऱ्या, सगळ्यांना हसवणाऱ्या त्या आकृतीचे. दोन्ही रेणूंचे वजन एकच, म्हणून वजन मोजणाऱ्या यंत्रानेही काही ओळखले नव्हते. हे जगात एकट्या तिला ठाऊक होते.

“मिळालं का, ताई?” प्रांजलने विचारले.

“हे घे,” अनुपमा म्हणाली, आणि तिने वरच्या ठिपक्याच्या कुपीतले पाच मिलिग्रॅम तोलून, चिठ्ठी लावून दिले. चिठ्ठीवर लिहिलेलेच तिने दिले होते. खोटे काही नव्हते त्यात.

मग तीन दिवस ती गप्प बसली. काचेपलीकडे प्रांजलचा चेहरा कसा उतरत जातो ते तिने पाहिले. मंगळवारी नखांचा रंग अंगठ्यावरून खरवडलेला दिसला. बुधवारी उरलेल्या नमुन्याचे तातडीने मागवलेले आकडे आले, अर्थातच वाईट, तेव्हा प्रांजल बैठकीत हसली नाही. अनुपमेला जे वाटले ते सुख होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. भर उन्हात उसाचा थंडगार रस घशाखाली उतरावा तसे ते उतरत होते.

“पहिल्याच नमुन्यात भेसळ असावी,” देवव्रत सर म्हणाले. “हात चुकला असेल.”

“ताईंचा हात चुकत नाही, सर,” प्रांजल ताडकन म्हणाली. “चूक माझ्या मॉडेलमध्ये आहे. माझ्यावर घ्या.”

अनुपमेने नोंदवहीत मान घातली. ते सुख तिथेच आंबले. हिला उदारही व्हायचे असते, वर.

गुरुवारी सकाळी फळ्यावर शुक्रवारचा कार्यक्रम लिहिलेला होता. भीमराज तो मोठ्याने वाचत होता. “‘प्रांजलचा एकशे बारा, काम बंद.’ चला, गेला एक. झकास चालला होता.”

“प्रांजलचा,” अनुपमा म्हणाली.

“मग काय तुझा?”

तिने फळ्यावरची ती ओळ पुन्हा वाचली. इतके दिवस तिने विचार केला होता तो प्रांजलच्या पडण्याचा. रेणूचा विचार आताच मनात आला. तो उद्या मरणार होता, आणि मरताना तो प्रांजलचा म्हणून मरणार होता. जगात त्या आकृतीचे सात मिलिग्रॅम होते, तिच्या काचपात्रात, तिच्या अक्षरातल्या चिठ्ठीखाली, आणि त्यांना अपयशसुद्धा दुसरीच्या नावाचे मिळणार होते. ते तिला सहन होईना. चांगुलपणाने ती काचेच्या खोलीकडे गेली असे कुणी समजू नये.

तिने दोन्ही कुप्या प्रांजलपुढे ठेवल्या. “ही वरची. ही खालची. तुझे ते पहिले आकडे या खालचीचे आहेत. केकच्या दिवशी मी कुपी चुकले.”

प्रांजलने दोन्ही कुप्या उजेडात धरल्या. रागाला द्यायची उत्तरे अनुपमेने वाटेतच जुळवून ठेवली होती. ती कामी आलीच नाहीत.

“थांबा थांबा. खालची म्हणजे आतला मेथिल?”

“तुझ्या पडद्यावर लाल होतो तोच.”

प्रांजलने खुर्ची पडद्याकडे फिरवली, रेणू उचलला, उलटा केला, प्रथिनाची भिंत दोन बोटांनी ढकलल्यासारखी बाजूला सरकवली. “भिंत हलते! ताई, भिंत हलत असणार हो! मी ती सिमेंटची धरून बसले. आत शिरताना हा तिला ढकलतो आणि मागे जागा होते, बघा, इथे…” ती हसत होती, स्वतःच्या चुकीवर, नेहमीसारखी, आनंदाने. “तीन दिवस वेड लागायची पाळी आली होती मला. कधी कळलं तुम्हाला हे?”

अनुपमेला ‘आत्ताच’ असे सांगता आले असते. तिच्या नोंदवहीत मात्र सोमवारची वजने सोमवारच्या तारखेनेच लिहिलेली होती. तसे न लिहिणे तिला जमले नव्हते.

“सोमवारी.”

“या सोमवारी?”

“हो.”

प्रांजलचे हसू गेले. ते जाताना पाहावे म्हणून अनुपमेने तीन वर्षे वाट पाहिली होती. आता ते खरोखर गेले तेव्हा तिने नजर कुप्यांवर ठेवली.

“बैठक पुढे ढकलते मी,” प्रांजल शेवटी म्हणाली. “तुम्ही खालचा बनवा. तीस मिलिग्रॅम. आजच सुरू करा.” त्यात ‘ताई’ नव्हते.

तीन आठवड्यांनी नव्याने बनवलेल्या खालच्या ठिपक्याचे आकडे आले, पहिल्यांदा आले होते तसेच. मसुदा बदलायचा ठरला, तेव्हा अनुपमेने आपली नोंदवही नेऊन देवव्रत सरांच्या टेबलावर उघडली. पेटंटचे काम पाहणाऱ्या इरावतीबाई अंधेरीहून आल्या होत्या. त्यांनी पान वाचले, तारीख पाहिली, खालची सही पाहिली.

“ही सही कोणाची?”

“माझी,” प्रांजल म्हणाली. “वाचलं नव्हतं मी. न वाचता केली.” तिने वही ओढून घेतली आणि त्या तीन ओळी पहिल्यांदाच वाचल्या, सावकाश, दोनदा. “कल्पना यांचीच आहे. नाव घाला.”

इथेही सरळ वागली. अनुपमेला तिने एवढेसुद्धा भांडू दिले नाही.

“स्फटिकाचं कारण स्पष्ट लिहिलंय,” इरावतीबाई म्हणाल्या. “पण मग बैठकीत ते का नाही मांडलंत? मला टिपणात लिहावं लागेल.”

खोलीत चौघे होते. अनुपमेने चिरलेली बोटे टेबलाखाली घेतली.

“कारण मला नंतर आठवलं. बैठकीत मी बोलले ते हिला टोचायचं म्हणून. ही जे म्हणेल त्याच्या उलट म्हणायचं, एवढंच होतं मनात.”

देवव्रत सरांनी खिडकीकडे पाहिले. इरावतीबाईंनी मसुद्याचे पान पुढे ओढले. “हेतू कायदा विचारत नाही,” त्या म्हणाल्या. “कल्पना कागदावर आधी आली, एवढं पुरे.” आणि त्यांनी नाव लिहिले.

प्रांजल पुढे अनुपमेला ताई म्हणू लागली, पण ते पूर्वीसारखे सहज निघत नसे. शुक्रवारी संध्याकाळी ती आता प्रत्येक पान वाची, अडेल तिथे विचारी, आणि मग सही करी. वह्या सुटायला सात वाजत. अनुपमा पर्स खांद्याला लावून काचेबाहेर थांबे आणि आपली वही कधी वर येते ते पाही. स्वित्झर्लंडला प्रांजलने भाषण केले ते हलणाऱ्या भिंतीवर. रेणू कोणता ते झाकून, पण इतके सुरेख की दोन विद्यापीठांनी तिला बोलावले. खालचा ठिपका अनुपमेला सापडला होता. तो का चालतो, हे जगाला प्रांजलने सांगितले. ताप पुन्हा चढला.

अठरा महिन्यांनी पेटंटचा अर्ज प्रसिद्ध झाला. पहिल्या पानाची छापील प्रत अनुपमेने घरी नेली आणि वडिलांच्या हातात दिली. इंग्रजी त्यांना अक्षरे लावून वाचता येई. त्यांचे बोट नावांवरून हळूहळू उतरत आले आणि थांबले. ते तिथेच बराच वेळ राहिले, कापडातला गाठीचा धागा चाचपावा तसे.

“घाडीगावकर,” ते म्हणाले. मग बोट वर सरकले. “आणि ही वयली कोण?”

“माझ्या हाताखाली शिकली ती.”

“मगे तुझ्या वर कशी?”

“बाबा,” अनुपमा म्हणाली, “चहा निवतोय तुमचा.”